निकोटीनची जाडी

31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन. त्या दिवशी निपाणीत उभं राहून निकोटीनवर बोलायला माणूस एकतर शूर लागतो, नाहीतर केमिस्ट्रीचा मास्तर. मी मास्तर. ज्या गावात वखारीच्या वासावरून पत्ता सांगता येतो, त्या गावाला मी निकोटीन ‘दाखवणार’ होतो.

त्यासाठी पायमॉल उघडलं. रेणू हवा तसा फिरवून दाखवणारं हे सॉफ्टवेअर वॉरन डिलानोनं 2000 साली आणलं. प्रोटीन डेटा बँकेतून 1यूडब्ल्यू6 ही फाइल घेतली. तळ्यातल्या गोगलगाईचं प्रथिन आणि त्याच्या खोबणीत बसलेलं निकोटीन. आपल्या मज्जापेशींवर निकोटीन जिथं चिकटतं, तिथली घडण बरीचशी अशीच असते, म्हणून गोगलगाईला हा मान. निकोटीनचं एक कडं सहा अणूंचं, दुसरं पाचांचं. पण रेघा अशा बारीक, की मलाच चष्मा पुसावा लागला.

रेघेच्या जाडीचा मूळ आकडा 1.49. मी रुबाबात 10 घातला. अख्ख्या प्रथिनाचा झाडोरा झाला आणि निकोटीन त्यात गडप. आज्ञा सगळ्या चित्राला लागू होते, हे कोण सांगणार? पुन्हा 1.49 करून फ्लेक्स छापायला बेळगाव गाठलं.

“काय ओ सर, मधे केस चिकटलाय की!” दुकानदार म्हणाला.

मी ऐटीत झूम केलं.

“आता केस लांब झाला.”

रेघेची जाडी पिक्सेलात मोजतात. झूम केल्यावर रेणू वाढतो, रेघ तेवढीच राहते. सीमाभागात रेघ म्हटलं की माणसं थेट 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून सुरू होतात, आणि मला एक रेघ जाड करता येईना! शेवटी एका विद्यार्थिनीला फोन लावला. “सर, निकोटीनपुरत्या स्टिक्स लावा की.” स्टिक म्हणजे कांडी. तिची त्रिज्या रेणूच्याच मापात, अँगस्ट्रॉममध्ये, म्हणून ती रेणूबरोबर वाढते. अर्ध्या मिनिटाचं काम.

व्याख्यानात मी ऐनवेळी फ्लेक्सऐवजी लॅपटॉपच लावला. पुढच्या रांगेतले अण्णा, जन्म तंबाखूत गेलेला, म्हणाले, “हिरवं कशाला दाखवलंय? आमचा माल वाळल्यावर तपकिरी असतोय.”

कार्बनला पायमॉल आपसूक हिरवा रंग देतं, हे समजावण्यापेक्षा रंग बदलणं सोपं वाटलं. ‘तपकिरी’ची आज्ञा दिली. निकोटीन, नायट्रोजन, प्रथिन, सगळंच तपकिरी झालं.

“हां, आता वखार दिसली,” अण्णा म्हणाले.