उतारा कशाला जास्त?

आमच्या वेळी बारावीनंतर घरात एकच वाद असायचा, आर्ट्स की कॉमर्स. 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आलं आणि एफवायच्या फॉर्मवर मेजर, ओई, एईसी, एसईसी, व्हीएससी, आयकेएस अशी पलटण उभी राहिली. पुतणी फॉर्म घेऊन ओट्यावर बसली. थोरल्या भावाला, म्हणजे आप्पांना, ही सगळी उसाची वाणं वाटली. 86032 आणि 265 यांवर जो चहाशिवाय तासभर बोलतो, तो एईसीला काय भितो!

"ह्यात उतारा कशाला जास्त?"

"आप्पा, एईसी म्हणजे भाषेचा विषय. लेखनाचा घ्यायचाय. 2 क्रेडिट."

"म्हणजे किती?"

"30 तास."

"30 तासांत मोटारीचा पंप भरत नाही," आप्पा म्हणाले आणि तरीही हटले नाहीत.

यादीत व्यावहारिक लेखन, माध्यमांसाठी लेखन आणि सर्जनशील लेखन असे तीन विषय होते. वहिनींना विषयाचं सोयरसुतक नव्हतं. पुण्याहून दौंडकडची संध्याकाळची गाडी सापडेल असा तास त्यांना हवा होता. गाडीतल्या मैत्रिणींनी, ज्या सरांच्या वर्गात हजेरी सैल ते सर्जनशील, अशी सोपी व्याख्या केली होती. ई-सेवा केंद्रातला पोरगा तर विचारतही नव्हता. "सगळ्या पोरींनी हेच घेतलंय," म्हणत त्यानं टिक मारलीच होती, पण तेवढ्यात सर्व्हर गेला. तालुक्यातल्या निम्म्या पोरांचं शैक्षणिक भवितव्य तो आणि सर्व्हर मिळून ठरवतात.

अंक काढणारे दिवाळीला आठवण काढतात म्हणून घरात मी लेखक. त्यामुळे मी घसा खाकरला. म्हटलं, "अगं, लेखन शिकायला पुण्याला कशाला जातेस? आपल्या केडगावातलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघ. बाईंनी 1882 साली 'स्त्रीधर्मनीति' लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशावर पुढच्या वर्षी इंग्लंडची बोट धरली. ह्याला म्हणतात रोजगाराभिमुख लेखन!" (माझ्या मानधनात केडगावहून खुटबावपर्यंत जाता येतं. परतीचं तिकीट आपलं आपण.) "पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. अठराएक वर्षं त्यात गेली. इथंच, केडगावात, मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले. 1922 साली बाई गेल्या, पुस्तक 1924 ला बाहेर आलं."

पुतणीनं मोबाइलवर 30 तासांना 2 क्रेडिट या दरानं अठरा वर्षं मांडली. "काका, एवढ्यात आख्खी वाडी पदवीधर होईल." मग जरा थांबून, "पण त्यांना अटेंडन्स नव्हता ना?"

यावर लेखकाजवळ उत्तर नव्हतं. सासरच्यांनी, समाजानं, धर्ममार्तंडांनी, सगळ्यांनी ज्यांची गैरहजेरी मांडली त्यांना कॉलेजची काय सांगायची?

शेवटी आप्पांनी निकाल दिला. आमच्या वस्तीवरची डीपी जळालेली. वीजवाल्यांना तोंडी सांगून सांगून आप्पांच्या घशाला कोरड पडलेली. "अर्ज शिकवतात तो विषय घे. बाकी सर्जनशील आमच्याकडं चौफुल्यापर्यंत कोणाला शिकवायला लागत नाही. उसाचं वजन सांगताना बघ एकेकाची प्रतिभा."

व्यावहारिक लेखन नक्की झालं. पहिल्याच आठवड्यात तक्रार अर्जाचा गृहपाठ मिळाला. पोरीनं आमच्या डीपीवरच लिहिला. विषय, संदर्भ, जळाल्याची तारीख, वाळलेलं क्षेत्र, मागचे तोंडी निरोप कोणाला दिले ते सगळं, ओळीत. सरांनी दहापैकी सहा दिले. 'मजकूर पाल्हाळिक' असा तांबडा शेरा. आप्पांनी शेऱ्यासकट झेरॉक्स काढली, वीजवाल्यांना देऊन पोच घेतली आणि तिसऱ्या दिवशी वायरमन शिडी घेऊन हजर!

तेव्हापासून आप्पांचा नव्या शैक्षणिक धोरणाला जाहीर पाठिंबा आहे. परवा पुतणीला विचारत होते, "दुसऱ्या सत्रालाही हाच विषय ठेवता येतो का बघ. कालव्याच्या आवर्तनाचं राहिलंय. आणि सरांना म्हणावं, गृहपाठ जरा वेळेवर देत जा, ऊस थांबत नाही."