पाव गोळीची कैफियत

घरी बीअर करणाऱ्याच्या तक्रारी कोणी मनावर घेत नाही. हौस तुमची, तर कटकटही तुमचीच, असं म्हणून लोक मोकळे होतात. तरीही ही तक्रार मांडायलाच हवी, कारण गोळ्यांच्या डब्यावर एक ओळ छापली की ती मिटणार आहे.

मी राहतो त्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात २००४ च्या फेब्रुवारीपासून नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग. लांबलांबच्या पाइपांतून जातानाही ते टिकून राहतं, म्हणून ते वापरतात. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम आहे आणि ते पाणी पिण्यात काही वावगं नाही. बिघडते ती बीअर. क्लोरामाइनमधलं क्लोरीन माल्टमधल्या फेनॉलांशी जुळलं की क्लोरोफेनॉल तयार होतात. अब्जात काही भाग एवढे असले तरी जिभेला ते कळतात. अख्ख्या पिंपाला जखमेवरच्या पट्टीचा वास येतो. तो मुरवून जात नाही की जास्त हॉप्स घालून झाकला जात नाही. बीअर मोरीत ओतावी लागते.

यावर कॅम्पडेनची गोळी हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडेन गावी फळं-भाज्यांवर संशोधन करणारं केंद्र होतं. फळं टिकवण्याची ही रीत १९२० च्या दशकात तिथे निघाली. गोळीत असतं पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट. आपल्याकडे लिंबाचं स्क्वॅश टिकवायला के.एम.एस. पावडर घालतात, तेच हे पोटॅशियमचं. पाण्यात पडल्यावर क्लोरीनचं क्लोराइड होतं, सल्फाइटचं सल्फेट होतं आणि उरलेलं चिमूटभर अमोनियम यीस्टच्या पोटात जातं. काम काही मिनिटांत संपतं.

आता तक्रारी.

पहिली प्रमाणाची. माझ्या डब्यावर लिहिलंय, ‘गॅलनला एक गोळी’. हे प्रमाण वाइनचं आहे. फळांच्या रसातलं रानटी यीस्ट आणि जंतू आवरायला तेवढी गोळी लागते. नळाच्या पाण्याला २० गॅलनना, म्हणजे साधारण ७५ लिटरना, एक गोळी पुरते. घरी एका वेळी ५ गॅलन बीअर होते, म्हणजे तेवढ्या पाण्याला पाव गोळी. डबा वाचून गोळ्या टाकणारा नवखा माणूस वीसपट सल्फाइट घालतो. उकळताना त्यातलं बरंचसं उडून जातं, पण मुळात ते घालायचंच कशाला? दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही. अमेरिकेत खाण्याच्या पदार्थात ते १० पीपीएम किंवा त्याहून जास्त असेल तर लेबलवर सांगावं लागतं, ते उगाच नाही.

दुसरी तक्रार गोळीच्या घडणीची. पाव गोळी लागते हे जगजाहीर असताना गोळीवर साधी खाचसुद्धा नाही. सुरीचं टोक मधोमध टेकवून दाबलं की एक तुकडा ओट्याखाली उडतो आणि उरलेल्याचा भुगा होतो. त्या भुग्यातला चौथा हिस्सा कोणता, हे नजरेने ठरवायचं. डोकेदुखीच्या गोळीवर रेघ असते, तर हिच्यावर का नको?

तिसरी तक्रार दुकानात मिळणाऱ्या सल्ल्याची. ‘गोळी घालून चोवीस तास थांबा,’ असं काउंटरवरून ठामपणे सांगतात. हाही नियम वाइनचाच. तिथे गोळीने आपलं यीस्ट मरू नये म्हणून थांबतात. पाण्यासाठी थांबायचं काहीच कारण नाही. दुसरा सल्ला असा की पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाईल. नुसतं क्लोरीन असेल तर हे खरं आहे. क्लोरामाइन मात्र रात्रभरात हटत नाही, थोडा वेळ उकळूनही पुरतं जात नाही. ज्या शहरात ते वापरतात तिथे हा सल्ला देणं म्हणजे गिऱ्हाइकाची बीअर बिघडवणं.

चौथी तक्रार तारखेची. मेटाबायसल्फाइट ओल धरतं आणि हवेने त्याचा जोर उतरतो. जुना डबा नव्याइतकं काम करीलच असं नाही. तरी माझ्या डब्यावर ना तयार केल्याची तारीख, ना ‘घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवा’ ही सूचना.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली घरगुती बीअरच्या कायद्यावर सही केली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा मिळाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात पाण्याचं प्रमाण छापायला डब्यावर जागा झाली नाही, ही अनास्था आहे.

गोळ्या करणाऱ्यांना विनंती एवढीच: ‘पिण्याच्या पाण्यासाठी: ५ गॅलनला पाव गोळी’ असं छापा, गोळीला दोन खाचा द्या आणि तारीख घाला. आणि इथे अमेरिकेत बीअर करणाऱ्या मराठी मंडळींनो, पाणीपुरवठ्याचा वार्षिक अहवाल दर वर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या पाण्यात क्लोरीन आहे की क्लोरामाइन, ते त्यात बघा. पाव गोळी खलात बारीक कुटा, पाणी तापवण्याआधी घाला, नीट ढवळा आणि लगेच कामाला लागा. डब्यावर काही लिहिलेलं असो, पाण्याला एवढंच पुरतं.