कलम २१ चा कलावंत

बर्लिनमध्ये स्थिरावू पाहणारा मराठी फ्रीलान्सर भेटला, तर त्याला नोकरी का सोडलीस हे विचारू नये. हिंजवडीचा ट्रॅफिक, मॅनेजरचा स्वभाव आणि नामंजूर झालेली दिवाळीची रजा एवढं सगळं ऐकून घ्यावं लागतं. शेवटी छाती फुगवून तो म्हणतो, "आता मी कुणाचा नोकर नाही." खरंच नाही. आता तो जर्मन निवास कायद्याच्या कलम २१ चा नोकर आहे.

या कलमाखाली मिळणारा निवास परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्यासाठी काम द्यायला तयार असलेल्यांची पत्रं हवीत, आरोग्यविमा हवा आणि उत्पन्नाचा अंदाजही हवा. हा अंदाज म्हणजे गड्याची सर्वोत्तम कलाकृती. स्थळाच्या बायोडेटातसुद्धा इतका आशावाद सापडायचा नाही! वयाची पंचेचाळिशी उलटली की म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. "म्हणून तर चव्वेचाळिसाव्या वर्षी उचल खाल्ली यांनी," ही माहिती वहिनींकडून मिळते.

बाकी एक झालं. घरच्यांनी ज्याला जन्मात कलाकार मानलं नाही, त्याला तिथल्या करखात्याने मानलं. पोस्टर काढून दिलं की तो मुक्त व्यवसाय. तेच टी-शर्टवर छापून विकायला बसलं की धंदा, आणि त्याची नोंदणी वेगळी. त्यामुळे कुणी कौतुकाने टी-शर्ट मागितला, की हा चोरी पकडल्यासारखा दचकतो.

सकाळी ब्रशच्या आधी हातात येते टपालपेटीची किल्ली. पेटीवर आडनावाची पट्टी चिकटवलेली, कारण नाव नसेल तर पत्र परत जातं. विमावाले, करखाते, घरमालक, सगळे कागदावरच बोलतात. टेबलावर जाडजूड फायली, प्रत्येकीच्या कण्यावर सुवाच्य अक्षरात वर्ष. वडील जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या फायलींना हा आयुष्यभर हसला. आता रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तेच विचारतात, "पोच घेतलीस का?" आणि हा मान खाली घालून म्हणतो, "घेतली, बाबा."

परवा सांगलीच्या एका होतकरू पोराने फोनवर विचारलं, "दादा, तिकडे कलेचं वातावरण कसं आहे?"

"सगळ्या मूळ प्रती आण. झेरॉक्सचे दोन सेट. बॅगेत जागा उरली तर रंग आण."