झाकलेली नहर, उघडे धरण

कोणता पैसा करपात्र खात्यात आणि कोणता निवृत्तीच्या खात्यात ठेवावा, हा प्रश्न मुळात बाष्पीभवनाचा आहे. छत्रपती संभाजीनगरात तो पाण्यापुरता सतराव्या शतकातच सुटला. मलिक अंबरने शहरात पाणी आणले ते जमिनीखालच्या नहरीतून. ते उन्हाच्या नजरेलाच पडले नाही. पैठणच्या धरणाचा नाथसागर मात्र उघडा. त्यातले बरेच पाणी कालव्याआधी आभाळालाच मिळते.

पैशाच्या बाबतीत प्राप्तिकर हेच ऊन. बँकेतल्या एफडीला ते सर्वांत जास्त लागते. व्याज हातात घ्या वा न घ्या, कर दरवर्षी. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या ७ टक्के व्याजातून कर आणि उपकर गेल्यावर ४.८२ टक्के उरतात. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे आणि तो अख्खा हाती पडतो. म्हणजे व्याजाचा पैसा नहरीत घालावा, हे उघड आहे.

सिडकोतला गृहस्थ नेमके उलटे करतो. एफडी उघड्यावर, आणि पीपीएफमध्ये खाते बंद पडू नये एवढ्यासाठी वर्षाला ५०० रुपये, गणपतीच्या वर्गणीसारखे. नव्या कररचनेत गुंतवणुकीवरची वजावट गेली तेव्हा तर त्याने तेही थांबवले. व्याज अजूनही करमुक्त आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी त्याने आधी मेव्हण्याला विचारले असते.

दुसरा उपाय म्हणजे बायकोच्या नावावर एफडी. पैसा नवऱ्याचा असला की व्याजही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. वाचत काहीच नाही. पावती साड्यांच्या घडीखाली जाते आणि मोडताना सही तिची लागते, हा एवढाच काय तो फरक.

शेअर आणि शेअरचे म्युच्युअल फंड उघड्यावर राहिले तरी चालतात. त्यांच्या भाववाढीवरचा कर विकल्यावरच. वर्षाहून जास्त ठेवले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, पुढच्यावर १२.५ टक्के. पीपीएफमध्ये शेअर घेताच येत नाहीत, एनपीएसमध्ये येतात. तिथे रोखे ठेवावेत आणि शेअर बाहेर, असे शास्त्र सांगते. पण वाळूजच्या टपरीवर एका चहात तीनदा भाव बघणाऱ्याचे शेअर कुलपातच बरे.

सगळेच नहरीत ओतूनही भागत नाही. पीपीएफची मुदत १५ वर्षांची आणि भरणा वर्षाला दीड लाखापर्यंतच. पीएफमध्येही कामगाराचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला की वरच्या रकमेच्या व्याजावर ऊन पडते. दवाखान्याचा आणि लग्नाचा पैसा उघड्यावरच हवा.

पीपीएफचे व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीवर मोजतात. म्हणून वर्षाचा भरणा ५ एप्रिलच्या आत करावा. पोस्टात रांग लागते ती ३१ मार्चला.