कोर्टातले पैसे कायमचे कसे विसरावेत

हातातले पैसे कुणीही उडवतो. निकाल आपल्या बाजूने लागून, समोरच्याने रक्कम कोर्टात भरूनही ती न उचलणं, याला मात्र साधना लागते. नवशिक्यांनी घाबरू नये. कायदा बराचसा आपल्याच बाजूने आहे.

सुरुवात पत्त्यापासून. दाव्यात भाड्याच्या खोलीचा पत्ता द्या, मग खोली बदला आणि वकिलांना अजिबात कळवू नका. पैसे जमा झाल्याची नोटीस 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा बेलिफाचा शेरा घेऊन मुकाट परत जाईल. नोटीस चुकून हाती पडलीच तरी चिंता नको. हुकूमनाम्याची रक्कम कोर्टात भरून नोटीस बजावली, की त्या दिवसापासून तुमचं व्याज थांबतं. रक्कम बँकेत गुंतवावी असा अर्ज मात्र चुकूनही करू नका. नाझराच्या वहीत आकडा आहे तसाच राहील आणि महागाई त्याला गुपचूप कुरतडेल.

आता नुसतं बसून राहा. सरकारी तिजोरीत असलेल्या दिवाणी ठेवीवर तीन पूर्ण आर्थिक वर्षं कुणी हक्क सांगितला नाही, तर सर्वसाधारण नियमाने मार्चअखेर ती 'व्यपगत' ठरून सरकारजमा होते. इथे पुष्कळ विद्यार्थी पेढे वाटतात. घाई करतात! सरकारजमा झाले तरी पैसे बुडत नाहीत. रक्कम खरोखर आली होती आणि मागणारा खरा हक्कदार आहे, हे पटलं की मंजुरी घेऊन ती परत करता येते. तेव्हा जुनी पावती आणि दाव्याचा नंबर आधी रद्दीत घाला.

वारसांना पुढचा धडा. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून भाऊबंदकी पेटली, तर 1894च्या कायद्याप्रमाणे ती रक्कम कोर्टात भरली जाई. भाऊ अजून एकमेकांचं तोंड बघत नसतील तर उत्तमच. फक्त वारस दाखला काढू नका. तो आपल्याकडे अजून 1827च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. कंपनी सरकार गेलं, दाखला उरला.

अपघाताच्या भरपाईत तर सोन्यासारखी संधी. अज्ञान मुलाचा वाटा न्यायाधिकरण तो सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवतं. पावती ट्रंकेच्या तळाशी घाला आणि पोराला सांगू नका.

दुर्दैवाने 22 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विद्येवरच घाला घातला. गुजरातमधल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या पत्रावरून हे प्रकरण उभं राहिलं. आता भरपाईच्या अर्जातच बँक खातं, आधार, पॅन द्यायचं, रक्कम थेट खात्यात जाणार, आणि न उचललेल्या पैशांच्या मालकांचा शोधही घ्यायचा.

एवढं शिकूनही कुणाला पैसे हवेच असतील, तर दाव्याचा नंबर घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो.