महाराजांचे पस्तीस तास

संन्याशाला घरदार नसतं, असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला हे सांगून पाहा. फॉर्म आय-३६० वर पत्त्याचा रकाना आहे आणि त्यात 'सर्वत्र' लिहून चालत नाही.

आमचे महाराज मूळचे सातारा जिल्ह्यातले. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाने त्यांना धर्मकार्यासाठीच्या आर-१ व्हिसावर इकडे आणलं. तो व्हिसा ताणून ताणून पाच वर्षं पुरतो. पुढे राहायचं तर ग्रीन कार्ड, आणि ग्रीन कार्डासाठी मंडळाचा अर्ज, जमाखर्च, छायाचित्रं, शिवाय भक्तांची पाठिंब्याची पत्रं. माझं मराठी बरं आहे अशी मंडळात वदंता असल्यामुळे इंग्रजी पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी मनापासून लिहिलं. महाराजांना कशाची अपेक्षा नाही. पैशाला ते हात लावत नाहीत. 'मी कोणाचा गुरू नाही' असं स्वतःच सांगतात. बराच वेळ नुसते बसून असतात, पण त्या बसण्यानेच माझा रक्तदाब उतरला.

वकीलबाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा पाठिंबा आहे की तक्रार?"

त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. अर्जदाराचं काम पूर्णवेळ हवं, म्हणजे आठवड्याला सरासरी किमान पस्तीस तास. ते मोबदल्याचं हवं. अर्जाच्या आधीची दोन वर्षं ते सलग केलेलं हवं. निरपेक्ष, निष्कांचन आणि निवांत बसलेला माणूस या खात्याच्या लेखी बेरोजगार असतो. आणि 'मी गुरू नाही' हे वाक्य पत्रात राहिलं तर खातं म्हणणार, मग हे इथे कशासाठी आलेत?

तेव्हा तास मोजायचं ठरलं. मी महाराजांना विचारलं, "महाराज, आठवड्याला साधारण किती तास नाम घेता?"

"श्वास किती घेतोस, मोजलेत का कधी?" ते म्हणाले.

खजिनदारांनी हे उत्तर लिहून घेतलं आणि स्प्रेडशीटमध्ये नामस्मरण चोवीस गुणिले सात असं टाकलं. वकीलबाईंनी ते खोडलं. काकडआरती धरली, प्रवचन धरलं, मुलांचा हरिपाठाचा वर्ग धरला. एकादशीला आकडा वाढायचा, द्वादशीला कोसळायचा. दर गुरुवारी महाराज मौन पाळतात. ते कामाच्या तासांत धरायचं की सुट्टीत, यावर मंडळाच्या बैठकीत एवढा आरडाओरडा झाला की त्या दिवशी मौन म्हणून कोणालाच धरता आलं नाही.

मौनाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुणेकरांना ठाऊक असलेले रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा त्यांचं जाहीर मौन चालू होतं. ओरेगॉनमध्ये भक्तांनी चौसष्ट हजार एकरांचं रान घेतलं, पुढे ९३ रोल्स रॉइस जमवल्या. धर्मगुरू म्हणून कायम राहू द्या असा अर्ज गेला, आणि १९८२ च्या अखेरीस खात्याने तो फेटाळला. त्यात एक मुद्दा असा होता की जो बोलतच नाही तो शिकवणार कसा! हा आक्षेप पुढे मागे पडला, पण १९८५ मध्ये प्रकरण वेगळ्याच कलमांवर गेलं. व्हिसा घेताना कायम राहायचा इरादा लपवला आणि भक्तांची नकली लग्नं लावण्याच्या कटात भाग घेतला, असे ते आरोप होते. चार लाख डॉलर दंड भरून त्यांना देश सोडावा लागला. बऱ्याच देशांनी दार लावून घेतल्यावर १९८७ मध्ये ते पुन्हा कोरेगाव पार्कात. आमच्या महाराजांकडे खजिनदारांची जुनी कॅमरी आहे, तीही मागून घेतलेली. तरी वकीलबाईंनी मंडळातल्या सगळ्या अविवाहितांची नावं मागवून घेतली.

पूर्वी एका पत्रावर भागायचं. १८९३ मध्ये विवेकानंद शिकागोच्या धर्मपरिषदेला गेले तेव्हा त्यांच्याकडे ओळखपत्र म्हणावं असं काही नव्हतं. हार्वर्डचे ग्रीकचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांनी शिफारसपत्र दिलं आणि दार उघडलं. इस्कॉनचे प्रभुपाद १९६५ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, 'जलदूत' या मालवाहू बोटीने निघाले. त्यांची हमी घेतली होती मथुरेच्या एका व्यापाऱ्याच्या पेन्सिल्वेनियात राहणाऱ्या मुलाने, केवळ वडिलांच्या शब्दाखातर. वकीलबाईंना मी हे सगळं ऐकवलं. त्या म्हणाल्या, "१८९३ मध्ये हे खातं दोन वर्षांचं होतं. आता ते मोठं झालंय."

मी माघार घेतली नाही. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने ज्ञानेश्वरादी भावंडांना पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं, आणि परंपरा सांगते की तिथे रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले. म्हणजे संताला कागद लागतो आणि कागदाला चमत्कार लागतो, ही रीत आपलीच. 'असामान्य क्षमता' असलेल्यांसाठी इथे वेगळं ग्रीन कार्डही आहे. त्याच्या दहा निकषांपैकी तीन पुरे. रेडा त्यातल्या कशात बसेल, असं मी विचारलं. वकीलबाई गुजराती. त्यांनी वहीत टिपून घेतलं: 'म्हशीवर्गीय प्राणी. साक्षीदार आहेत का?' त्या दहा निकषांत भरघोस पगार हाही एक आहे हे कळल्यावर तो नाद सोडला.

या सगळ्यात महाराजांना स्वतःला काय हवंय, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं. "मला काय, तिकडेही बसतो, इकडेही बसतो," असं म्हणून ते पोह्यांवरचं खोबरं वेचायला लागले. हे वाक्य मी पत्रात घातलेलं नाही. पण खरं तेच आहे. राहण्याची गरज त्यांना नाही, आम्हाला आहे. घराचे हप्ते, मुलांचं कॉलेज आणि ग्रीन कार्डाची स्वतःची रांग सोडून साताऱ्याला जाऊन बसायची आमची तयारी नाही, म्हणून सातारा इकडे आणून ठेवायचा आहे. आसक्ती सोडा, असं ते दर रविवारी सांगतात. आम्ही माना डोलावतो आणि त्यांच्या मुदतवाढीची वर्गणी भरतो.

खात्याचे लोक न कळवता पाहणीलाही येऊ शकतात. आलेल्या अधिकाऱ्याला काहीही द्यायचं नाही, प्रसादसुद्धा नाही, लाच समजतील, असं वकीलबाईंनी बजावलंय. आमच्या सौ.ना हे मान्य नाही. "दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं? मग कसला आलाय धर्म?" असं म्हणून त्यांनी शिऱ्याचा रवा भाजून डब्यात भरून ठेवलाय.

पत्र आता तयार आहे. त्यात महाराज अतिशय व्यग्र, सतत बोलणारे, मानधन घेणारे आणि ज्यांच्यावाचून मध्य न्यू जर्सीचं पान हलत नाही असे झाले आहेत. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "कोण रे हा गृहस्थ? भेटायला पाहिजे."

अडलंय ते एका पुराव्यापाशी. आमच्याकडच्या एकूण एक फोटोंत महाराजांचे डोळे मिटलेले आहेत आणि वकीलबाईंच्या मते अधिकाऱ्याला ती डुलकी वाटेल. तेव्हा वाचकांपैकी कोणी गेल्या दोन वर्षांत आमच्या सत्संगाला आलं असेल आणि त्यांच्याकडे महाराज टक्क जागे असलेला फोटो असेल, तर तारखेसकट पाठवा. हातात टाळ असतील तर उत्तमच. रेडा नसला तरी चालेल.