अजून उतरेल

आमच्या घराण्यात मोटार घेताना पहिला प्रश्न ‘किती देते?’ हा नसतो. तो दुसरा. पहिला असतो, ‘विकताना किती येतील?’ वडिलांनी घेतलेली जुनी मारुती आठशे त्यांनी पुढे बरीच वर्षं वापरून विकली आणि तरी फक्त अकरा हजार कमी आले, ही हकीगत आमच्याकडे अजून लग्नामुंजीत सांगितली जाते. त्या गाडीतून आम्ही कुठे कुठे गेलो, हे मात्र कोणालाच आठवत नाही.

अशा रक्ताचा माणूस जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघाला की त्याला एकाच वेळी हर्ष आणि धसका होतो. चार वर्षांपूर्वी पंधरा लाखांना घेतलेली गाडी सहाला मिळते म्हणून हर्ष, आणि आपण विकायला काढू तेव्हा काय, म्हणून धसका. कारण जुनीचा भाव जुनी ठरवत नाही, नवी ठरवते. फेब्रुवारी २०२४मध्ये टाटांनी बॅटरी स्वस्त झाली म्हणून नेक्सॉन ईव्हीचा भाव १ लाख २० हजारांपर्यंत उतरवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सणासुदीला ३ लाखांपर्यंत. त्या दिवाळीत, भाव उतरायच्या आदल्याच महिन्यात गाडी घेतलेल्या माणसाला ‘काय मग, नवी गाडी?’ असं विचारणं म्हणजे शत्रुत्व पत्करणं होतं. अमेरिकेत तर हर्ट्झसारख्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४मध्ये २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्याचं जाहीर केलं. वीस हजार! आमच्या मेव्हण्याने ती बातमी मला रात्री अकरा वाजता फोन करून वाचून दाखवली.

मेव्हण्याचं एकच तत्त्वज्ञान आहे: अजून उतरेल. बाणेरमधल्या फ्लॅटचे भाव पडायची वाट तो २००९पासून बघतोय आणि भाड्याच्या घरातून बघतोय. पण विचारलं की आकडे तोंडपाठ. “बॅटरीची जगातली सरासरी किंमत २०२४ला एका किलोवॅट-अवरला ११५ डॉलर होती. तीस युनिटांच्या बॅटरीचे झाले तीन लाखांच्या आत-बाहेर. चाकं, सीटा, काचा, एसी, सगळं फुकट धरलं तरी गाडी त्याच्या खाली जाणार नाही. नुसती बॅटरी काढून घरच्या इन्व्हर्टरला जोडणारे लोक बसलेत. तो तळ.”

“मग मी कितीला मागू?”

“तीनला माग.”

गाडी होती सहकारनगरातल्या एका निवृत्त काकांची. बघायला मी आमच्या मिस्त्रींना नेलं. मिस्त्रींची सगळी विद्या कानात आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून, मूठ कानाला लावून टॅपेट वाजतंय की बेअरिंग, हे ते डोळे मिटून सांगतात. धूर निळा म्हणजे ऑइल खातेय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मालक किती खोटं बोलतोय, हेही त्यांना धुरातच कळतं.

“चालू करा,” मिस्त्री म्हणाले.

“चालूच आहे,” काका म्हणाले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि स्क्रूड्रायव्हर पुढे केला. “त्या नारिंगी वायरींच्या जवळ जाऊ नका हो, तीनशे व्होल्ट आहेत,” काका ओरडले. स्क्रूड्रायव्हर खिशात गेला. सवयीने मिस्त्री मागे जाऊन सायलेन्सरसाठी वाकले, तसेच थोडा वेळ वाकलेले राहिले आणि काहीच न बोलता सरळ झाले. पुन्हा पुढे येऊन त्यांना कूलंटची बाटली दिसली आणि चेहरा खुलला. मग ब्रेक ऑइल. मग कोपऱ्यातली बारा व्होल्टची नेहमीची छोटी बॅटरी. “एवढीशी? हिचे तीन लाख?” त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. खरी बॅटरी खाली, फरशीच्या पोटात आहे, हे कळल्यावर ते गाडीपासून दोन पावलं लांब उभे राहू लागले.

काकांनी गाडीला एक डबीएवढं यंत्र जोडून मोबाइल दाखवला. बॅटरीची तब्येत ९१ टक्के.

“हे कोण म्हणतं?” मिस्त्री.

“गाडीच म्हणते.”

“गाडी स्वतःबद्दल चांगलंच सांगणार ना, काका.”

हा संशय अगदीच बिनबुडाचा नव्हे. निसान लीफच्या पहिल्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला पाणी खेळवलेलं नव्हतं आणि २०१२ साली अ‍ॅरिझोनाच्या उन्हात त्यांच्या बॅटऱ्या भराभर आटल्या. काकांच्या गाडीत ती सोय होती, वर आठ वर्षांची वॉरंटी. पण बाजार भिऊनच भाव लावतो. शेवटी मिस्त्रींनी टायरवरून हात फिरवला. “टायर गेलेत!” गाडी जड, उचल दणकट, त्यामुळे टायर लवकर झिजतात, हे मात्र त्यांनी न सांगता ओळखलं. मिस्त्रींना दिलेले पाचशे रुपये वसूल.

भाव ठरवताना डिसेंबर २०२४चा जीएसटी परिषदेचा जैसलमेरचा निर्णयही निघालाच: नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्केच, पण डीलरने जुनी विकली तर त्याच्या नफ्यावर १८. “आपल्या दोघांत कर नाही,” काका म्हणाले, “आणि मला नफा झालाच तर अर्थमंत्र्यांना पेढे पाठवीन.” मेव्हण्याने फोनवरून एमजीच्या विंडसर या इलेक्ट्रिक गाडीचा दाखला दिला. २०२४मध्ये ती आली तेव्हा कंपनीने बॅटरी भाड्याने दिली, किलोमीटरला साडेतीन रुपये, आणि तीन वर्षांनी साठ टक्के किमतीला गाडी परत घ्यायची हमी. “बघ, तिथे कंपनीने तळाला लादी घालून दिलीय. काकांना विचार, ते देतील का लिहून?” हे मी विचारलं नाही.

काकांनी सहा सांगितले. तीन म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी साडेचार म्हटलं. काकांनी लाइट बिलाचा पाठकोरा कागद काढला. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये, पेट्रोलला सात. महिन्याला हजार किलोमीटर. लेक मुंबईत परळला, ऑगस्ट २०२५पासून इलेक्ट्रिक गाडीला अटल सेतूवर टोल नाही, म्हणजे एका वेळचे अडीचशे वाचतात. बेरीज बघून काका स्वतःच गप्प झाले.

“साडेचारात देण्यापेक्षा मीच चालवीन की,” ते म्हणाले. काकूंनी मागून “मी तेच म्हणत होते” असं सांगितलं आणि चहाचे कप उचलले.

मेव्हण्याच्या डॉलरच्या हिशेबात काकू कुठेच नव्हत्या. विकणाराला जिथे विकणंच नकोसं होतं, त्याच्या खाली भाव कसा जाणार? पुढच्या आठवड्यात, त्याला न सांगता, मी काकांना फोन लावला आणि पाच लाख म्हटलं.

“पाच?” काका म्हणाले. “मागे साडेचार म्हणत होतात. म्हणजे भाव चढायला लागले की! आता थांबतोच मी.”